एका कान्याचं भांडण

ताई,

तू पडलीस. बाथरूममध्ये, आंघोळीआधी, नळ सोडून ठेवलेला असताना. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना, म्हणून मी दार ठोठावलं आणि मग शेजाऱ्यांकडून कडी तोडून घेतली. मेंदूत रक्तस्राव आधी झाला आणि तू पडलीस, की पडल्यामुळे तो झाला, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. बेसिनच्या कडेवर आपटून कपाळ उघडं पडलं होतं. मी टॉवेल दाबून धरला होता आणि रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. कळंबोलीच्या सर्कलपर्यंत तू मला शिवी देशील अशी आशा मी धरून होते.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "कशा पडल्या?"

"बाथरूममध्ये. पडली."

"घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघी बहिणी."

"भांडण वगैरे काही झालं होतं का?" असं विचारताना तो माझ्या भुवईवरच्या जुन्या व्रणाकडे बघत होता. मी त्याला दोष देत नाही. मलाच माझं उत्तर खोटं वाटत होतं. आपल्या घरात 'पडली' हा शब्द पहिल्यांदाच खरा निघाला होता, आणि तो खरा कसा म्हणायचा याची मला सवय नव्हती.

संध्याकाळी, सगळं संपल्यावर, आत्याला फोन केला. पलीकडे तिने आधी दार लावून घेतलं. मग तिने हळूच विचारलं, "खरी परली का गो?"

"खरी पडली, आत्या."

"बग हां. मी कोनाला सांगत नाय."

हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस. मी फोन ठेवला आणि तुला सांगायला वळले. तेव्हा कुठे मला कळलं की तू नाहीस.

स्मृतिअंकासाठी तुझ्याविषयी लिहायला सांगितलंय. जन्म कुठे झाला, शिक्षण किती, पुस्तकं कोणती, हे इतरांनी लिहिलंच आहे. मला तुझ्याशी एका शब्दावरून राहिलेलं भांडण पुरं करायचं आहे.

आपल्या गावात ड चा र होतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा. तसं पडलीचं परली. आईचा पुढचा दात गेला तेव्हा ती परली. तिचा डावा कान कायमचा बंद झाला तेव्हाही परली. तुझं गळपट्टीचं हाड मोडलं तेव्हा तू चिंचेवरून परलीस. आपल्या अंगणात चिंच नव्हती हे माहीत असूनही सगळ्यांनी ते मान्य केलं. बाबा गव्हाणच्या बाजूला मिठागरावर मुकादम होते. दारूचा थेंब घेत नसत. कुणाला मोठ्या आवाजात बोलत नसत. लोक त्यांना मध्यस्थीला बोलवायचे. मारायच्या आधी ते रेडिओ बंद करायचे. शेजारी ऐकतील म्हणून दुसरे लोक रेडिओ मोठा करतात. मारताना बाबांना दुसरा आवाज खपत नसे. आजही कुठे चालू गाणं मध्येच थांबलं की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. तूही बघायचीस. आपण दोघींनी घरात रेडिओ कधी घेतलाच नाही.

मीठ ओढायच्या लाकडी दांताळ्याचा दांडा ते वापरायचे. पोटऱ्यांवर. आणि नंतर मिठागरात उतरवायचे, वाफ्यातला चिखल पायांनी तुडवायला. फुटलेल्या कातडीवर ते पाणी लागलं की तू ओठ आत ओढून घ्यायचीस आणि रडायच्या ऐवजी जोरजोरात पाय आपटायचीस. बाबा बांधावर उभे राहून म्हणायचे, "बगा, मोठी कशी मन लावून तुरवतेय." मजूर बायका खाली मान घालून हसायच्या. त्यांना दिसत नव्हतं असं नाही.

मला मार क्वचितच बसला. तो तू घेतलास. एकदा त्यांनी माझी वेणी हाताला गुंडाळली होती आणि तू मागून येऊन त्यांच्या पोटरीचा चावा घेतलास. त्यांनी तुला लाथेने झटकलं, दोनदा भिंतीवर आपटलं, तरी तू सोडलं नाहीस. सुटलीस तेव्हा तुझ्या तोंडात त्यांचं रक्त होतं आणि तू ते थुंकली नाहीस, गिळलंस. पुढे मी विचारलं, असं का केलंस, तर म्हणालीस, "थुंकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं." तू त्यांना नेहमी 'तो' म्हणायचीस. मला अजूनही जमत नाही. मनात कितीही काही असलं तरी क्रियापद आदरार्थीच येतं.

तुझी एक आवडती गोष्ट होती, प्रत्येक मुलाखतीत सांगायचीस. तिसरीत असताना तू सुजलेला गाल घेऊन शाळेत गेलीस. बाईंनी विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, "परली." बाई म्हणाल्या, "परली नाही बाळ, पडली म्हणावं. म्हण बघू, प-ड-ली." आणि साऱ्या वर्गासमोर तुझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. "गाल तसाच राहिला, उच्चार दुरुस्त झाला," असं तू सांगायचीस, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि ही बघा, मोठी होऊन त्याच बाईंचं काम करते." लोक हसायचे. मीही हसायचे. मी प्रूफं वाचते. ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार हेच माझं पोट आहे.

आई गेली त्याची मला आठवण नाही. मी फार लहान होते. सरकारी संपादनात जमिनी गेल्या आणि त्या पैशांतून बाबांनी गावात स्लॅबचं घर बांधायला काढलं, एवढं ऐकून माहीत होतं. घर अर्धं झालेलं, स्लॅब पडलेला, आणि आई वरून पडली. आत्या त्याच आठवड्यात आली ती कायमची. येताना तिने आपल्या दोघींना जवळ घेऊन सांगितलं, "कोनी इचारला तं बोलाचा, आय परली. आनि काय बोलाचा नाय." तू मान हलवलीस म्हणे. मला यातलं काहीच दिसत नाही, फक्त आत्याच्या लुगड्याला येणारा सुक्या मासळीचा वास आठवतो. म्हणजे आईविषयी मला जे काही माहीत आहे ते सगळं तुझं आहे. तू सांगितलेलं, आणि मग तू लिहिलेलं.

तू आईवरची ती कादंबरी लिहीत होतीस तेव्हा आपण नवीन पनवेलच्या या घरात राहायला आलो होतो. सकाळी तू आतल्या खोलीत बसायचीस आणि दुपारी बाहेर यायचीस ती भांडण उकरून काढायलाच. भात गिच्च झालाय, पंखा आवाज करतोय, मी श्वास मोठ्याने घेते. एकदा तू ताट भिंतीवर मारलंस. आमटीचा डाग रंग देऊनही पूर्ण गेलेला नाही. मी घाबरायचे, पण तुझी भीती वेगळी होती. तुझा राग गडगडत यायचा. बाबांचा कधी येताना ऐकू आला नाही.

आणि मग मी हस्तलिखित वाचलं. त्या पुस्तकात सगळे पडतात. बाई पडते, कोंबडीचं पिल्लू पडतं, बाहुली पडते. गोष्ट सांगणारी लहान मुलगी आधी घरात पाहते आणि मग तेच खेळायला लागते. बाहुलीला कठड्यावर बसवते, ढकलते आणि गोड आवाजात म्हणते, पडली. मग बाहुलीच्या जागी पिल्लू येतं. ते प्रकरण वाचून मी जेवले नव्हते. पिल्लाचं खरं होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू म्हणायचीस, "आपल्या घराण्यात गुरुत्वाकर्षण जरा जास्त आहे, दुसरं काही नाही."

शेवटचं प्रकरण असं आहे. घराचं बांधकाम चालू आहे. 'तो' बायकोला शिक्षा म्हणून भर उन्हात स्लॅबवर बसवतो. पाणी नाही, सावली नाही. मुलगी खाली अंगणात उभी आहे. दुपार उलटल्यावर बाई खाली यायला निघते. 'तो' जिन्याच्या तोंडाशी उभा आहे. बाई दोन पायऱ्या उतरते. आणि शेवटचं वाक्य: आई पडली.

त्या वाक्याशी मी पेन्सिल थांबवली. तू स्वयंपाकघरात पाणी पीत होतीस.

"इथे काना राहिलाय," मी म्हटलं.

"कुठे?"

"शेवटी. पडली नाही. पाडली."

"राहिला नाहीये. नाहीच आहे तो."

"अगं, सगळं पुस्तक तू हा शब्द फोडायला लिहिलंस आणि शेवटी त्यांचाच शब्द लिहितेस?"

"मुलगी सांगतेय. तिला तेवढाच शब्द येतो."

"शेवटचं पान ती मोठेपणी सांगतेय. तिला सगळं कळलंय. तो समोर उभा आहे, ताई. जिन्याच्या तोंडाशी. तूच उभा केलायस."

"तू ऱ्हस्वदीर्घ बघ. अर्थ लावायला मी तुला ठेवलेली नाही."

"म्हणजे तू पण आत्यासारखीच. कोनी इचारला तं परली बोलाचा."

तांब्या तुझ्या हातातच होता. तो आला हे मला दिसलंसुद्धा नाही. भुवई फाटली, डोळ्यावर रक्त ओघळलं, आणि त्या पानावरही पडलं. तू तोच तांब्या उचलून त्यात पाणी घेऊन माझ्याजवळ बसलीस आणि माझा चेहरा धुतलास, अगदी हळू. मारून झाल्यावर कुणीतरी चेहरा धुणं हे मला नवीन होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. मी तोंड उघडलं आणि माझ्या जिभेवर तो शब्द आपोआप येत होता. तो बाहेर पडायच्या आत तू म्हणालीस, "मी मारलं. तांब्या फेकून. माझी बहीण आहे ही. टाके नीट घाला, लग्न व्हायचंय तिचं." माझी चाळिशी उलटून गेली होती. डॉक्टरांना हसावं की पोलिसांना बोलवावं ते कळेना. मला मात्र तेव्हापासून एक कोडं पडलं. आपल्या घरात 'मी मारलं' हे वाक्य मोठ्याने उच्चारणारी तू पहिली. ज्या बाईला स्वतःविषयी इतकं सरळ क्रियापद वापरता येतं, तिला बाबांविषयी एक काना का देता येऊ नये?

पुस्तक 'पडली' म्हणूनच छापलं गेलं. पनवेलच्या वाचनालयातला तो कार्यक्रम आठवतो का? आपला चुलतभाऊ आला होता, पांढरे बूट घालून. आता बिल्डर झालेला. मागच्या रांगेतून उठला. "ताई, एक क्वेश्चन आहे. आमच्या काकूला काकांनी मारली, असं तुझं म्हणणं आहे का? सरळ सांग ना सगळ्यांसमोर."

तू शांतपणे म्हणालीस, "पुस्तक वाचलंस?"

"मला वाचायची गरज नाय."

"मग वाच. शेवटचंच वाक्य वाच हवं तर. पडली, असं लिहिलंय."

 त्याने प्लास्टिकची खुर्ची उचलून पुस्तकांच्या टेबलावर घातली आणि निघून गेला. लोकांनी खाली पडलेल्या प्रती गोळा केल्या. एकजण म्हणाला, "मॅडम, जाहिरात झाली, चला." तू हसत हसत सह्या केल्यास.

घरी परतताना वडाळे तळ्याच्या काठाने आपण चालत होतो. मी म्हटलं, "यासाठीच ठेवलास होय तो शब्द? असा कुणी उठला की पळायला वाट?"

"नाही."

"मग कशासाठी?"

तू पुढे चालायला लागलीस. मी मागून चालत राहिले. पुढची सगळी वर्षं तो प्रश्न आपल्या दोघींच्या मधे जेवायला बसायचा आणि आपण त्याला वाढायचो.

तू गेलीस आणि चार दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघते आहे. ते म्हणाले, "आता हक्क तुमच्याकडे आहेत. काही दुरुस्ती असेल तर करून द्या, नाहीतर आहे तशी छापतो." प्रूफं आली. मी पहिल्या पानापासून वाचलीच नाहीत. शेवटचं पान काढलं आणि लाल पेनाने काना घातला. आई पाडली. एक उभी रेघ.  मला वाटलं, तुला जे जमलं नाही ते मी केलं. आईला इतक्या वर्षांनी कुणीतरी न्याय दिला, आणि तोही व्याकरणाने. गठ्ठा बांधून दाराशी ठेवला, कुरिअरवाल्यासाठी.

तो यायच्या आधी आत्याचा फोन आला. "तुजा बाबा बोलतंय, पोरीनं काय लिवलाय ते वाचून दाखव मना. तीन दिस झाले, जेवत नाय. तू ये गो एकदा."

बाबा तुला पोचवायला आले नव्हते. साखरेने त्यांचे डोळे गेले आहेत, रोडपालीच्या त्या फ्लॅटमध्ये पलंगावर बसून असतात. मी जाणार नव्हते. मग वाटलं, त्यांना तो काना ऐकवावा. त्यांच्या तोंडावर, मोठ्याने. त्यासाठी गेले, हे तुझ्यापासून कशाला लपवू.

दुपार होती. आत्या खाली भाजी आणायला गेली. बाबा खूप बारीक झालेत. हात मात्र तेच आहेत, अंगापेक्षा मोठे.

"शेवटनं वाच," ते म्हणाले. "सगला ऐकाया टाइम नाय."

मी शेवटचं प्रकरण वाचलं. ऊन, स्लॅब, तहान. ते मान हलवत होते, कुणी आपल्या शेताची मोजणी वाचून दाखवावी तसे. मी वाचत जिन्यापाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"जिना नवता."

"कादंबरी आहे बाबा."

"असूंदे. पन तेवा जिना नवता. जिना मागनं केला, ती गेल्यावर. तेवा शिरी व्हती."

शिरी म्हणजे शिडी. मी विचारलं, "मग आई शिडीवरून पडली?"

"शिरी कुठं व्हती? काढली व्हती मी. वर बसवायची तं शिरी कशी ठेवनार? उतरंल ना ती." एखादं साधं काम न समजणाऱ्या मजुराला समजावून सांगावं, तसे ते सांगत होते. "मागल्या अंगाला परांचीचे बांबू व्हते. त्यावरनं उतराया गेली. मी बोललो व्हतो, गपचूप बस. बांबू सुटला. परली."

मी पुस्तक मिटलं. माझं भांडण संपलं होतं असं वाटलं. ना तू हरलीस, ना मी. त्यांनी ढकललं नव्हतं. त्यांनी फक्त शिडी नेली होती. या कृत्याला मराठीत क्रियापद कोणतं, हे मी शोधत होते, खरंच शोधत होते, तेवढ्यात ते पुढे म्हणाले,

"वजनाला जर व्हती ती शिरी. एकल्यानं उचलाची नाय. मोठीनं दुसरा टोक धरला. मी बोललो धर, तिनं धरला. ताकद व्हती पोरीच्या हातात."

ताई, ते तुझं कौतुक करत होते.

मी विचारलं, "ती केवढी होती तेव्हा?"

"काय म्हाईत. शालंत जायाची."

मग ते म्हणाले, मना मोरीत ने. मी दंडाला धरून त्यांना उठवलं. बाथरूमची फरशी ओली होती. त्यांचं सगळं वजन माझ्या एका हातावर होतं आणि ते वजन काहीच नव्हतं. समोर बेसिन होतं, तुझं कपाळ ज्यावर आपटलं तसंच. मी फक्त बोटं सैल करायची होती. आत्या भाजी घेऊन आली असती, मी म्हटलं असतं, पडले. तिने विचारलंही नसतं, खरे परले का. गाव जमलं असतं आणि कुणाला काही विचारायचं राहिलं नसतं. आपल्या घराने तो शब्द इतकी वर्षं घासूनपुसून तयारच ठेवला होता. मी पुस्तकं वाचणारी बाई आहे, ताई. माझ्या मनात हिंसा येते ती वाचलेली असते, असं मला वाटायचं. त्या दिवशी ती माझ्या बोटांत होती, उबदार, आणि ती वाचलेली नव्हती.

मी सोडलं नाही. उलट इतकं घट्ट धरलं की त्यांनी "हलू गो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी आत्याने फोनवर सांगितलं, "दंडाला काला-निला झालाय त्याच्या. इचारला काय झाला, तं बोलतंय, परलो."

त्या संध्याकाळी घरी आले आणि दारातला गठ्ठा सोडला.

तू माळ्यावरचं काही काढायला कधी चढली नाहीस. बल्ब गेला तर मी येईपर्यंत अंधारात बसायचीस. घरात शिडी आणू दिली नाहीस. मी डायनिंगच्या खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचे आणि तू दुसऱ्या खोलीत निघून जायचीस. तुला उंचीची चक्कर येते असं मी सगळ्यांना सांगत आले. आणि पुस्तकात, जिथे शिडी होती, तिथे तू जिना बांधलास. सिमेंटचा, पक्का. कुणाला उचलून नेता येणार नाही असा. कुणी कुठल्याच मुलीला म्हणू शकणार नाही, धर दुसरं टोक. तेवढं तुझ्या हातात होतं आणि तेवढं तू केलंस. पण काना देणं तुला शक्य नव्हतं. 'पाडली' म्हटलं की कुणी, हा प्रश्न येतो, आणि त्या उत्तरात तू स्वतःला मोजत होतीस. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला तू. आयुष्यभर तेच टोक.

मी तुझ्याशी त्या स्लॅबच्या काठावर उभी राहून भांडत होते आणि मला काठ दिसत नव्हता. तुला सांगता आलं नाही. सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, ते आता म्हणते. रेडिओ बंद झालेल्या घरात, त्या हातांचा माणूस "धर" म्हणतो तेव्हा शाळेत जाणारी मुलगी धरते. हे पाडणं नाही. त्या दिवशी तिथे पाडणारा एकच होता, आणि तो पुस्तकात जिन्याच्या तोंडाशी उभा आहेच. त्याला ओळखायला वाचकाला माझ्या कान्याची गरज नाही.

प्रूफात चुकून केलेली दुरुस्ती मागे घ्यायची असेल तर आम्ही त्या शब्दाखाली टिंबं देतो आणि समासात लिहितो, आहे तसे. मी टिंबं दिली. समासात लिहिलं. आई पडली. जिनाही तसाच ठेवलाय. प्रूफं गेली.

हे सगळं मी छापायला देते आहे याचा तुला राग येईल. येऊ दे. तू ज्या घराचं दार फोडलंस, त्याला तुझ्या नावाने पुन्हा कडी घालणं मला जमणार नाही. शिवाय एक गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती तुला सांगायला मला दुसरी जागा नाही.

त्या दिवशी बाबांना पलंगावर बसवून मी दाराशी चपला घालत होते. ते आपल्याशीच हसले. म्हणाले, "तुजी आय पन येडीच. आमी शिरी नेतोय, आनि ती वरनं मोठीला वरडून सांगतेय, हात सांबाल गो, कूस जाईल."

ते वाक्य तुझ्या पुस्तकात नाही. तुला ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल आणि लिहवलं नसेल. ते पुस्तकात घालायचा मला अधिकार नाही, म्हणून इथे लिहिते. शिडीचं लाकूड खरखरीत असावं, कुसळं हातात जातील असं. आईला वरून सगळं दिसत होतं, शिडी चालली आहे, कोण नेतं आहे, आपण आता उतरू शकणार नाही. आणि ती बघत होती तुझ्या तळहातांकडे.